शंभरापैकी किती?

अख्ख्या अमिरातीत माझ्या साडूशी सुखाने भांडलेला एक तरी माणूस मला दाखवावा. भांडणात आवाज चढावा लागतो, समोरच्यालाही वेडंवाकडं बोलावं लागतं, आणि हा माणूस ऐन रंगात आलेल्या भांडणात चष्मा कपाळावर सारून अत्यंत आस्थेने विचारायचा, "दादा, आत्ता राग किती आहे? शंभरापैकी?" मी एकदा ओरडून "एकशेदहा!" म्हणालो, तर त्याने ते खिशातल्या डायरीत टिपून घेतलं आणि पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं. तोवर मी नव्वदवर आलो होतो, याचाच मला जास्त राग आला.

माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. नव्वदच्या सुमाराला सांगलीहून दुबईत उतरला आणि दहा वर्षांत त्याने इतकी कामं बदलली की आमच्या घरात त्याला 'धरसोड' हेच नाव पडलं. पहिली नोकरी मीना बाजारात, साड्यांच्या दुकानात. आठशे दिरहमची, म्हणजे तेव्हाच्या जवळजवळ चार हजार रुपयांची साडी हातात घेऊन उभ्या असलेल्या बाईंना याने विचारलं, "वहिनी, साडी आवडलीय, की जावेला दाखवायचीय?" बाईंनी क्षणभर विचार केला, साडी खाली ठेवली आणि निघून गेल्या. संध्याकाळी हाही निघून आला. मग कार्गोचं ऑफिस झालं, लेबर कॅम्पांना जेवण पुरवून झालं, आणि शेवटी स्वारी ड्रायव्हिंग शिकवायला लागली.

मी तेव्हा लायसन्सच्या परीक्षेत चारदा नापास झालो होतो. राउंडअबाउट दिसला की माझे हात स्टिअरिंगला चिकटत. याने मला शारजातल्या भल्यामोठ्या राउंडअबाउटशी नेलं. "दादा, आत शिरलात तर काय होईल?" "ट्रक येऊन आपटेल." "मग?" "मग काय, खलास!" "आजवर किती ट्रक आपटले तुमच्यावर?" मी म्हटलं, "एकही नाही, कारण मी आत शिरतच नाही." हे उत्तर त्याला इतकं आवडलं की त्याने मला तिथे सतरा फेऱ्या मारायला लावल्या. कडेला उभा असलेला एक पठाण टॅक्सीवाला शेवटी ओरडला, "यल्ला, हाजीसाब, अब तो बाहर निकलो!" पाचव्या परीक्षेत मी पास झालो, आणि सगळ्यांना सांगितलं की सराव केला की जमतं.

त्या गाडीतच त्याला आपला धंदा सापडला. मानसशास्त्रातली जुनी बी.ए. होतीच. चाळिशीत बाहेरून एम.ए. केलं, मग दोन वर्षं मिळेल ती रजा घेऊन बेंगळुरूला जाऊन कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी शिकला. पोटापाण्यासाठी त्याच काळात मीच त्याला अबुधाबीतल्या आमच्या काँट्रॅक्टिंग कंपनीत सेफ्टी ऑफिसर म्हणून चिकटवला. मी तिथे अॅडमिनिस्ट्रेशन बघायचो. ही थेरपी म्हणजे काय, हे तो जेवताना समजावून सांगायचा: मनात आलेला विचार खरा मानण्याआधी तपासायचा, आणि ज्याला घाबरतो ते थोडंथोडं करून बघायचं. माझी बायको म्हणाली, "म्हणजे गप्पाच ना?" "हो ताई, पण गृहपाठ असलेल्या."

गृहपाठ मग सगळ्यांनाच मिळाला. माझी बायको घराबाहेर पडताना गॅसचा नॉब तीन-तीनदा बघायची. एका लग्नाला निघताना याने तिला एकदाच बघू दिलं, आणि जिना उतरून गाडीत बसवलं. "आता नुसतं बसायचं, ताई. भीती आपोआप उतरते." ती उतरेपर्यंत आम्ही पार्किंगमध्ये पाऊण तास बसलो. लग्नातलं जेवण संपलं. बायकोची ती सवय मात्र सुटली, हे मी त्याच्यापुढे कधी कबूल केलं नाही.

आता जे लिहायचं ते लिहितो.

दोन हजार एक साली अबुधाबीतल्या एका चांगल्या क्लिनिकने त्याची थेरपिस्ट म्हणून निवड केली. त्या काळी नोकरी बदलायची तर जुन्या कंपनीचं ना-हरकत पत्र लागायचं. त्याशिवाय सोडलं तर सहा महिने देशात काम करायला बंदी. अर्ज माझ्याच टेबलावर आला. आमच्या मुदीरने, म्हणजे मोठ्या साहेबाने, त्याच दिवशी सही केली. वर म्हणाला, "अच्छा आदमी है, हबीबी, जाने दो." मी फक्त शिक्का मारून पत्र द्यायचं होतं. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. दोन साइट चालू आहेत, दुसरा माणूस नाही, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. तेवीस वर्षं मी एकाच खुर्चीत बसलो होतो, आणि हा धरसोड माणूस सहाव्यांदा उडी मारून माझ्या वर चालला होता.

दर आठवड्याला तो यायचा. "मुदीर ऐकत नाही रे," मी म्हणायचो, "इन्शाल्ला पुढच्या आठवड्यात." क्लिनिकने शेवटची तारीख दिली, तीही गेली. मग आयुष्यात पहिल्यांदाच भडकून त्याने राजीनामा दिला आणि बंदी ओढवून घेतली. बिऱ्हाड सांगलीला परतलं. मुलगी दहावीत होती, वर्षाच्या मध्यात तिची शाळा तुटली. विमानतळावर माझ्याकडे बघून तीच म्हणाली, "इट्स ओके, काका." मेहुणी मात्र सगळ्यांना सांगत सुटली, "चांगली नोकरी होती, ह्यांनी लाथाडली." मी मान डोलावली.

बंदी संपल्यावर तो परत आला आणि उम्म अल कुवैनच्या एका छोट्या दवाखान्यात बसायला लागला. आमच्या कंपनीतला चिपळूणचा एक वेल्डर परांचीवर चढताना थरथरायला लागला, म्हणून मीच त्याला तिथे घेऊन गेलो. दवाखान्याच्या इमारतीचा जिना साडू त्याच्याबरोबर एकेक मजला चढत होता, तो घामाघूम, आणि हा धापा टाकत विचारतोय, "आता किती? शंभरापैकी?" महिन्याभराने तो वेल्डर कामावर चढला. त्याच्या शेवटच्या भेटीनंतर, तो बाहेर गेल्यावर, मी साडूला पत्राचं सगळं सांगून टाकलं.

त्याने चष्मा कपाळावर सारला. मग त्याने कागदावर वर्तुळ काढलं! "या गोष्टीला कोण कोण कारणीभूत, दादा?" देशाचा नियम, क्लिनिकची घाई, मुदीरला थेट न विचारणं, रागातला राजीनामा, असे तुकडे पाडत त्याने माझ्या वाट्याला पाव भाग ठेवला.

"अरे, शिव्या तरी घाल!"

"शिव्या खाल्ल्या की तुम्ही मोकळे व्हाल. हा पाव भाग तुमचाच. गृहपाठ एवढाच, की हिला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

त्याने नाही सांगितलं. घरचे धरसोड म्हणत राहिले, तो हसत राहिला. मीही नाही सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तो गेला.

गेल्या महिन्यात सांगलीला गेलो. तोंडाने जमेना, म्हणून ही वरची पानं मेहुणीला वाचून दाखवली. ती कोथिंबीर निवडत ऐकत होती. माझं वाचून झालं तेव्हा तिचे हात थांबलेले होते.

"भाऊजी, म्हणजे त्यांची निवड झाली होती?"

"झाली होती."

"आणि साहेबाने सहीसुद्धा केली होती?"

"त्याच दिवशी."

ती मला काय काय बोलेल याची मी तयारी करून गेलो होतो. तिने पदराने हात पुसले, कॅनडाला मुलीला फोन लावला आणि तो माझ्यापुढे धरला. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली, तेव्हा मेहुणी म्हणाली, "तिथून नको. निवड झाली, तिथून वाचा."

मी चष्मा पुसला आणि तिथून वाचायला लागलो.