भारद्वाज दिसला

निवृत्त झाल्यापासून सकाळचा चहा मी परसातच घेतो. कुंपणाशी तेरडा आणि कुर्डू आपोआप माजलेत. कुर्डूच्या दांड्यावर रोज एक सरडा ऊन खात बसतो. त्याच्याकडे बघता बघता डोकं शांत होतं.

आज गवतातून भारद्वाज निघाला.

"अहो, हात जोडा! शुभ असतं," स्वयंपाकघराच्या खिडकीतून ही म्हणाली.

मी कप खाली ठेवून हात उचलले, तेवढ्यात त्याच्या चोचीत माझा सरडा दिसला. शेपटी अजून हलत होती.

आता हा शकुन कोणाचा? भारद्वाजाचीही पिलं भुकेली असतीलच. मग रागवायचं तरी कोणावर?

"जोडलेत ना?" हिने विचारलं.

हात अजून वरच होते. नमस्काराला उचललेले की त्याला हुसकवायला, माझं मलाच कळेना.