रॅम्पावरची तुळस

माझे सासरे महापालिकेत ओव्हरसियर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सभेत काय मंजूर झालं ते पेपरात हुडकण्याची खोड काही सुटली नाही. लोक सकाळी आधी राशिभविष्य बघतात, बाबूजी आधी महापालिकेची बातमी बघतात. त्या दिवशी त्यांनी पेपर माझ्यापुढे धरला. "पाह्य वं, पडणाऱ्यांसाठी विमा काढून राहिले."

बातमी साधी होती. शहराच्या रस्त्यावर कोणी पडला, कोणाचा हातपाय मोडला, तर त्याला मदत मिळावी म्हणून महापालिका विमा घेणार. मात्र विमा कंपनीची अट अशी की रस्त्याच्या कडा आधी मोकळ्या हव्यात. म्हणून त्याच सभेत दुसरा ठरावही झाला होता. आमच्या मनीषनगरच्या काही गल्ल्यांमधले घरापुढचे रॅम्प आणि पायऱ्या काढायच्या आणि दोन्ही बाजूंनी फुटपाथ करायचा. त्या गल्ल्यांमध्ये आमची गल्ली होती.

पहिला ठराव वाचून मला बरं वाटलं होतं. दुसरा वाचला आणि डोकंच फिरलं.

घरात पाणी शिरू नये म्हणून आम्ही जोतं उंच घेतलेलं. दोन वर्षांपूर्वी बाबूजी अंगणात पाय घसरून पडले, खुबा मोडला, आणि तेव्हापासून त्यांना चाकाची खुर्ची आली. मग फाटकापासून रस्त्यापर्यंत मी सिमेंटचा उतार करून घेतला. त्याच उतारावरून रोज सकाळी ते स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत चौकातल्या ठेल्यावर तर्री-पोहा, म्हणजे झणझणीत रस्सा घातलेला पोहा, खायला जात. तिथे त्यांचे जुने सोबती असत. पोहा हे निमित्त. खरं जेवण म्हणजे त्या तासाभराच्या गप्पा. पावसात जाता आलं नाही की मी डब्यात पोहा आणायची, तर नाक मुरडत. "चौकातला पोहा चौकातच खायचा असते. घरी आणला का त्याचा शिरा होते."

खुर्ची आल्यावरचे पहिले दोन महिने मी पाहिले होते. रॅम्प नव्हता, बाबूजी खिडकीशी बसत आणि विचारलेल्याचं तेवढंच उत्तर देत. हसरा, टोमणे मारणारा माणूस भिंतीसारखा झाला होता. ते दिवस पुन्हा घरात येऊ द्यायचे नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दोन घरं सोडून राहणाऱ्या काकूंनी उपाय सांगितला. आपल्याकडे हा उपाय कोणी शिकवावा लागत नाही, तो रक्तातच असतो. "देव बसव वं रॅम्पावर. देवाले कोण हात लावते?" त्यांनी स्वतः रॅम्पावर चार विटांचा चौथरा रचून शेंदूर फासलेला मारुती बसवलाही होता. आमच्याकडे सासूबाईंच्या हातची तुळस होती, जुन्या सिमेंटच्या जड वृंदावनात. काकू, मी आणि बाजूच्या बांधकामावरचे दोन मजूर, अशा चौघांनी ती अंगणातून ओढत रॅम्पावर आणली. "बुडाशी थोडं सिमेंट लाव, जुनं दिसलं पायजे," काकू म्हणाल्या. मी तेही केलं. बाबूजी तेव्हा आत झोपले होते, आणि मी मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

त्याच संध्याकाळी पथक आलं. गल्लीत जिकडेतिकडे देव. कुठे गणपती, कुठे तुळस, एका घरी तर नुसता दगड आणि झेंडूची माळ. सोबतच्या तरुण इंजिनिअरने कपाळाचा घाम पुसला. "देव तुम्हीच हलवा, ताई. आमची माणसं हात लावत नाहीत," म्हणाला आणि गाडी फिरवून गेला. काकूंनी गल्लीभर साखर वाटली.

पुढच्या सकाळी बाबूजी धुतलेला शर्ट घालून, केसांना पाणी लावून खुर्चीत बसले आणि फाटकाशी गेले. रॅम्पाच्या मधोमध तुळस. डावीकडून खुर्ची जाईना, उजवीकडूनही जाईना. मी धावत गेले, वृंदावनाला खांदा लावला. सिमेंटने आपलं काम चोख केलेलं होतं.

बाबूजींनी एकदा तुळशीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "रॅम्प वाचला, सूनबाई. मीच तेवढा अडकलो."

मला हसू यायला हवं होतं. आला तो राग. "तुमच्यासाठीच केलं ना सगळं! मला काय हौस होती?" मी ओरडले. शेजारच्या गच्चीवरचं कोणीतरी वाकून बघू लागलं.

"माझ्यासाठी केलं, मले माहीत आहे," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, खाली. "नोकरीत असताना मी असे लय देव हलवले. पहिले नारळ फोडायचो, माफी मागायचो, मग दोन्ही हातांनी उचलून बाजूले ठेवायचो. लोक शिव्या द्यायचे. म्या कोणाचा देव सोडला नाही, आता आपला काहून सोडू?"

"मग तुम्ही बाहेर कसे जाणार?"

"त्या इंजिनिअर पोराले फोन लाव. मग पाहू."

फोन लावायला मी दुपारपर्यंत टाळाटाळ केली. शेवटी त्यांनीच लावला. संध्याकाळी तो इंजिनिअर आला, बाबूजींना वाकून नमस्कार केला, आणि दोघे मिळून आमच्या नव्या फरशीच्या अंगणाकडे बघत उभे राहिले. म्हणजे एक उभा, एक बसलेला. उतार रस्त्यावर नको, आत घ्यायचा, असं ठरलं. अंगण दारापासून फाटकापर्यंत तासत न्यायचं, फाटक नव्या फुटपाथच्या पातळीला आणायचं. माझी फरशी गेली, मोगऱ्याचा वाफा गेला, स्कूटर लावायची जागा गेली. नवरा नोकरीसाठी चंद्रपूरला असतो; शनिवारी घरी आला तो खणलेलं अंगण बघून चकित झाला.

आमच्या रॅम्पावर फोडायचं ब्रेकर मशीन चालण्याआधी बाबूजींनी नारळ फोडायला लावला. तुळशीचं बूड छिन्नीने सोडवलं, ती परत अंगणात भिंतीलगत गेली. आमचा रॅम्प फुटल्यावर गल्लीतल्या बाकीच्यांनाही हट्ट धरवेना. कुरकुर करत एकेक देव घरात परतले. काकूंनी रॅम्प फोडू दिला, पण मारुतीचा चौथरा लगेच त्याच जागी खाली पुन्हा रचला. "तुमचा रॅम्प घ्या, माझा देव नाही." मजूर त्याला वगळून पुढे गेले.

अंगणाचं काम लांबलं. तेवढे दिवस बाबूजी खिडकीशी. मी पोहा आणायची, ते खायचे. शिरा झाला असंही म्हणायचे नाहीत. मला फार भीती वाटली तेव्हा, उगीच लपवत नाही.

फुटपाथ झाला, आतला उतार वाळला. त्या सकाळी पुन्हा धुतलेला शर्ट. मी चप्पल पायात घालू लागले तर म्हणाले, "तू काहून? मी एकटा जातो."

"सांभाळून जा."

"पडलो तर विमा आहे नं," म्हणाले. कितीतरी दिवसांनी टोमणा ऐकला.

नवीन फाटकातून खुर्ची सरळ फुटपाथवर गेली. दोन घरं पुढे मारुतीचा चौथरा फुटपाथच्या मधोमध बसलेला. बाबूजी थांबले, हात जोडले आणि बसूनच राहिले. फुटपाथची कड उंच, खाली रस्त्यावर खुर्ची उतरायला जागा नव्हती. थोड्या वेळाने काकू बाहेर आल्या.

"काहून थांबले बाबूजी?"

"रस्ता भेटायची वाट पाहून राहिलो."

काकू आत निघून गेल्या, दार आपटल्याचा आवाज आमच्या फाटकापर्यंत आला. बाबूजी परतले. जाऊन चौथरा लाथेने उडवावा असं मला झालं. ते म्हणाले, "उद्या जाईन." दुसऱ्या दिवशीही तिथवरच गेले, हात जोडले, परतले. काकूंनी दार उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाबूजी पोचायच्या आधीच काकू नारळ घेऊन बाहेर उभ्या होत्या. चेहरा अजून रागीट. "घ्या, तुम्हीच फोडा. पाप तुमच्या माथी."

"माझ्या माथ्यावर लय जागा आहे," बाबूजी म्हणाले आणि नारळ फोडला. काकूंनी मारुती स्वतः उचलला, कुंपणाच्या भिंतीवर नीट बसवला. मग पदर खोचून चारही विटा एकेक करून आत नेल्या.

खुर्ची पुढे गेली. चौकाच्या वळणावर पांढरा शर्ट दिसेनासा झाला तरी मी फाटकाशीच उभी होते. घरात कामं पडली होती, तरी पाय निघेना. वाट बघता बघता चहा दोनदा गरम केला आणि दोनदा गार झाला.

परतले तेव्हा खुर्चीच्या दांडीला एक पिशवी लटकत होती. त्यांनी ती सोडवून माझ्या हातात दिली. आत कागदात बांधलेला पोहा, वेगळ्या पिशवीत तर्री.

"घे," म्हणाले. "शिरा झाला असंल."

पोहा खरंच गार झाला होता. मी तिथेच, फाटकाशी उभ्याउभ्या, सगळा खाल्ला.