हौदात धुतलेली कोथिंबीर

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मी कच्च्या खाण्यातले जिवाणू आणि विषाणू शोधते. घरी सासूबाईंनी त्याचा सोपा अर्थ लावला होता: सूनबाई दिवसभर जंतूंत हात घालून येते. त्यामुळे इंदिरानगरच्या घरी पोचले की दारातच हुकूम सुटायचा, "आधी आंघोळ, मग पोरगी." लेक हात पसरून धावत यायची आणि मी चोरासारखी बाथरूममध्ये पळायचे. भयंकर राग यायचा. त्यात लेकीचं पोट वरचेवर बिघडायचं आणि खापर माझ्याच डोक्यावर फुटायचं.

सासूबाईंचा मळा शहराच्या कडेला आहे. भाजीबाजारात त्यांच्या कोथिंबिरीला मान, कारण जुड्या मळ्यातल्या हौदात खळबळून धुतलेल्या असत. "आपल्या मालाला मातीचा कण नाय," हे त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत.

पालेभाजीवरचे जंतू शोधायचे तर पानं धुतात आणि ते धुवण तपासतात. आमच्याकडे तेव्हा कोथिंबिरीचंच काम चाललं होतं. एकदा चिडूनच मी मळ्यातून दोन जुड्या नेल्या. एक वाफ्यातून उपटलेली, मातीसकट. दुसरी हौदात धुतलेली. विषाणू कशातच सापडला नाही. मातीच्या जुडीत काळजी करण्यासारखं काही नव्हतं. धुतलेल्या जुडीत मात्र मैलापाण्यातून येणारे जिवाणू भरपूर निघाले. हौद भरायचा तो नाल्याकाठच्या विहिरीच्या पाण्यानं.

खरं सांगते, मनातून मला गुदगुल्या होत होत्या. संध्याकाळी आंघोळ करून आले आणि म्हणाले, "आई, जंतू माझ्या हाताला नाहीत. तुमच्या हौदात आहेत."

त्या भांडतील म्हणून मी पुरती तयारीत होते. त्या भांडल्या नाहीत. सगळं नीट विचारून घेतलं.

"कोथिंबिरीची चटणी पोरीला मीच भरवते की गं," एवढंच म्हणाल्या.

पोट चटणीनंच बिघडायचं हे काही मी सिद्ध केलेलं नव्हतं. तसं सांगितलंही, पण त्यांना ते ऐकू गेलं असं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मळ्यातून आल्या तेव्हा लेक "आजी" करत धावली. सासूबाईंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"थांब बाई. आधी आंघोळ करते."

हे कधीतरी त्यांच्यावर यावं, अशी माझी फार इच्छा होती. मी उठले, लेकीला उचललं आणि त्यांच्या कडेवर दिलं.