दोन सरकारं आणि एक फाशी

कांगारूंच्या देशातल्या ब्लॅकटाउनच्या डॉक्टर विश्रामला माणसं फासावर चढवायची भारी हौस. दिवसभर हॉस्पिटलात तो पेशंटना भूल देऊन सुखरूप जागं करायचा आणि संध्याकाळी बातम्या बघत गुन्हेगारांना कायमचं झोपवायचा.

एका खुनाच्या बातमीनंतर तो राज्याच्या आमदारांच्या ऑफिसात गेला. तिथली बाई म्हणाली, "राज्यांना फाशी परत आणताच येत नाही. केंद्राने २०१० मध्येच तसा कायदा केलाय." तो खासदारांकडे गेला. तिथे कळलं, की खुनाचे खटले राज्य चालवतं आणि तो कायदा बदलायची कोणाला इच्छा नाही. "नो वरीज, मेट," असं म्हणून त्याला दारापर्यंत सोडलं. एवढी दोन-दोन सरकारं, पण दोरीला हात लावायला एकही तयार नाही, याचं विश्रामला मनस्वी दुःख झालं.

"मग तूच दे की फाशी," बायको सुनीती म्हणाली. "भूल दिल्यावर जागं करायचं नाही, एवढंच."

त्याच आठवड्यात तुरुंगातला एक कैदी अपेंडिक्ससाठी टेबलावर आला. दाराशी पहारा होता. खून केला होता म्हणे. मास्क लावताना त्याने विश्रामची बाही धरली. "डॉक्टर, मला उठवाल ना?"

"उठवणार," विश्राम म्हणाला. ऑपरेशन संपल्यावर कैदी डोळे उघडेपर्यंत विश्राम उशाशीच उभा राहिला. बाहेर त्याच्यासाठी ठेवलेला चहा गार झाला.

घरी आल्यावर तो सुनीतीला म्हणाला, "या देशातली ही दोन सरकारांची पद्धत तशी बरी आहे."