कार्डांना वाळ्याचा वास

आमच्या प्रयोगशाळेत संगणक आला त्याच्या दुसऱ्याच उन्हाळ्यातली ही गोष्ट. उमरेडच्या कोळशाच्या नमुन्यांचे आकडे कार्डांवर भोकं पाडून चढवायचे, मग यंत्र ती कार्डं वाचून हिशेब करी. सोमवारी दिल्लीचे पाहुणे येणार होते. त्यांना काम पसंत पडलं तर याहून मोठं यंत्र मिळेल, नागपूर कुठल्या कुठे जाईल, असं साहेब रोज सांगत.

रविवारची ड्यूटी माझी. भर दुपारी यंत्राच्या खोलीतला एसी बंद पडला. यंत्र तापून बिघडलं तर आपण संपलो, एवढंच डोक्यात. मी बाहेरच्या हॉलमधला वाळ्याचा कूलर ओढत आत आणला. त्या खोलीत पाण्याचा पेलाही न्यायची बंदी होती. कार्डांचा ट्रे कूलरच्या तोंडासमोरच आहे, हे ध्यानात आलं नाही. संध्याकाळी एसी सुरू झाला. कूलर जागेवर नेला, फरशी पुसली, कोणाला बोललो नाही.

सोमवारी पाहुण्यांसमोर कार्डं अडकायला लागली. ओल धरून फुगली होती, हे फक्त मला ठाऊक होतं.

"पंच कोणी केली ही?" साहेब ओरडले.

केली होती आमच्याकडे रोजंदारीवर असलेल्या एका मुलीनं. तिच्या वस्तीतून ऑफिसात बसणारी ती पहिलीच.

"साहेब, मी दोन-दोन वेळा तपासून पाह्यले जी."

"मग काय मशीनले तुझं तोंड नाही आवडलं?" मागून कोणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले. मीही हसलो असेन.

तिनं एक कार्ड उचलून नाकाशी नेलं. मग माझ्याकडे पाहिलं. आता बोलते, आता बोलते... तिनं कार्ड परत ट्रेमध्ये ठेवून दिलं. दुपारी साहेबांनी तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

सायकल स्टँडवर तिनं मला गाठलं. "भाऊ, कार्डाले वाळ्याचा वास काहून येऊन राहिला जी?"

"मले काय माहीत, वं."

"बरं," म्हणाली आणि गेली.

कूलर मी आणला होता. एवढं एक वाक्य साहेबांना सांगायचं होतं.

मोठं यंत्र पुढे आलंच. आज त्या यंत्राच्या विभागाचा मी प्रमुख आहे, मुलाखती मीच घेतो. अर्जावर तिच्या वस्तीचा पत्ता दिसला की तो अर्ज मी दोन-दोन वेळा वाचतो. परवा तशी एक मुलगी आली. हुशार, धीट. तुझी आई कधी इथे कामाला होती का, हे ओठांवर आलं होतं, नाही विचारलं. तिला घेतलं. आता ती समोरच्याच टेबलावर बसते, आणि तिनं कुठलाही कागद उचलला की मी तिच्या हाताकडे बघत राहतो.