मथुरा तपासनीस आणि सरला कोयंडे

मिठमुंबरीच्या कोयंड्यांची सरला सकाळी अंगणवाडीत पोरांना बडबडगीतं शिकवायची, दुपारी त्यांना खिचडी वाढायची आणि घरी आली की बापाबरोबर, आबांबरोबर, जाळी सांधायला बसायची. पस्तिशी उलटली होती, लग्न जमलं नव्हतं, आणि त्याबद्दल कोणी काही विचारलंच तर ती अशी बघायची की पुन्हा तो विषय निघत नसे. बोलायला फटकळ. आई लवकर गेल्यामुळे धाकट्या भावाला, निहारला, तिनेच लहानाचं मोठं केलं होतं.

निहारचा जीव आबांच्या होडीत रमला नाही. १९९८ साली तो एका एजंटाच्या ओळखीने परदेशी मालवाहू जहाजावर लागला, इंजिनखोलीत तेलपाणी करायला. त्याच वर्षी मिठबावच्या रूपालीशी त्याचं लग्न झालं. दुसऱ्या वर्षी, पावसाळा सरून गावच्या होड्या पाण्यात ढकलायची गडबड चालू असताना, शेजारच्या एसटीडी बूथवर मुंबईहून फोन आला. निहार जहाजावरून बेपत्ता झाला होता.

पंधरवड्याने कंपनीचा माणूस निहारची बॅग घेऊन घरी आला. दोन शर्ट, दाढीचं सामान, रूपालीचा फोटो. माणूस मराठीच होता, बोलायला गोड. म्हणाला, "रात्री केव्हातरी पडला असावा. कोणी पाहिलं नाही. सकाळी हजेरीला नव्हता तेव्हा लक्षात आलं."

आबांनी एवढंच विचारलं, "बोट मागे फिरवल्यानी?"

"नियमाप्रमाणे शोध घेतला," तो म्हणाला. खलाशांच्या जबान्या म्हणून त्याने काही कागद दाखवले. सरलाने ते वाचले. आठ माणसं, आणि आठांचे शब्द अगदी सारखे. जसं एकानेच सांगितलं आणि बाकीच्यांनी खाली सह्या केल्या.

आबांना घेऊन ती मुंबईला गेली. पोलीस म्हणाले, आमची हद्द नाही. एजंट म्हणाला, मी फक्त माणसं पुरवतो. शेवटी कोणीतरी त्यांना एका सरकारी कचेरीतल्या साहेबांकडे पाठवलं. साहेब वाईट नव्हते. त्यांनी आबांसाठी चहा मागवला, पंखा वाढवायला सांगितला आणि मग टेबलावर बोटाने रेघा ओढत समजावलं.

"हे बघा, जहाजावर झेंडा एका देशाचा. मालक दुसऱ्या देशातला. कप्तान तिसऱ्या देशाचा. आणि समुद्र होता तो कोणाचाच नव्हता. आता आम्ही कोणाला कशाच्या जोरावर विचारायचं?"

"मग विचारणार कोण?" सरला म्हणाली.

साहेबांनी पेनाचं टोक छताकडे केलं. "आता वरूनच कोणीतरी यायला हवं."

आबांना वाटलं देवाबद्दल बोलतायत. त्यांनी हात जोडले. सरलाने जोडले नाहीत. परतीच्या एसटीत ती रात्रभर खिडकीची काच घट्ट धरून बसली होती, आणि त्या माणसाचं पेन तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. वरून. वरून कोण येणार?

देवगडच्या वाचनालयातल्या दिवाळी अंकांतून तिने विज्ञानकथा पुष्कळ वाचल्या होत्या. त्या वर्षी तिने स्वतः एक लिहायला घेतली. काही शतकांनंतरचा काळ. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान खनिज वाहणारी शेकडो जहाजं, हरेक वसाहतीचा वेगळा झेंडा, वेगळा कायदा. त्यातल्या एका जहाजावरून एक तेलवाला नाहीसा होतो. कप्तान सांगतो, झोपेत चुकून दार उघडलं असेल. प्रकरण मिटतं. आणि मग त्या जहाजाला एक छोटी नाव येऊन भिडते. त्यातून उतरते अंतराळ नौदलाच्या तपास खात्याची मथुरा.

या खात्याचे अधिकार सरलाने नुसते कल्पनेने रचले नव्हते. जिथे जिथे तिला दार बंद मिळालं होतं तिथे तिथे तिने मथुरेला किल्ली दिली. मुंबईत जो तो वरच्या साहेबाचं नाव सांगायचा, म्हणून मथुरेच्या खांद्यावर हुद्द्याची एकही पट्टी नव्हती. ती कप्तानापेक्षा वर की खाली, हे कोणालाच कळू नये आणि म्हणून कोणालाही तिला गप्प बसवता येऊ नये. तिच्याजवळ तळहाताएवढी तांब्याची ओळखमुद्रा होती. ती दाराला लावली की कुठल्याही झेंड्याच्या जहाजाचं दार उघडायचंच. हद्द हा शब्द तिच्यापुढे उच्चारायची कप्तानांना मनाई होती. जबानी ती एकेकाची, वेगळ्या खोलीत घ्यायची, आणि कप्तानाने त्या वेळी जहाजाच्या दुसऱ्या टोकाला बसायचं. जो साक्ष देईल त्याला खातं लगेच आपल्या जहाजावर कामाला घेई, त्याच्या पोटावर पाय येऊ देत नसे. हे शेवटचं कलम तिने फारसा विचार न करता घातलं होतं. गोष्ट पुढे सरकायला बरं पडत होतं इतकंच.

देवगडात जयराम मास्तर निवृत्तीनंतर एक साप्ताहिक चालवत. त्यांनी पहिलं प्रकरण वाचलं आणि चष्मा काढून म्हणाले, "आपल्याकडे हे कोण वाचणार, मला माहीत नाही. पण मी वाचलं बुवा एका दमात. छापतो."

२००१ पासून ते छापून येऊ लागलं आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यांत जास्त वाचलं गेलं ते किनाऱ्यावर. दुपारच्या वेळी सुरूच्या झाडांच्या सावलीत जाळी सांधायला माणसं बसत, त्यातलं कोणीतरी मोठ्याने वाचे. मंगळ कुठे, गुरू कुठे, याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं. पण बोट, कप्तान, वल्हव म्हटलं की वल्हवायचं आणि गप्प म्हटलं की गप्प बसायचं, हे त्यांना शिकवायला नको होतं. मथुरेने मुद्रा काढली की म्हातारे मांडीवर थाप मारत. "आता बोल रे कप्ताना!"

तपासाचं एकेक प्रकरण मिटे, नवं सुरू होई. पहिलं मात्र, त्या तेलवाल्याचं, सरलाने मुद्दाम उघडं ठेवलं होतं. मास्तर दर काही महिन्यांनी विचारत, "त्याचं काय केलंत?" ती म्हणे, "तपास चालू आहे."

हळूहळू माणसं तिच्याकडेच येऊ लागली. कोणाची जाळी बाहेरच्या ट्रॉलरने फाडून नेलेली, कोणाचा पोरगा आखातात, पासपोर्ट मालकाच्या कपाटात. सरला त्यांना अर्ज लिहून द्यायची. अर्जांचं पुढे काही व्हायचं नाही. तरी माणसं येत.

घरात रूपाली होती. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, आणि नवरा मेला असं म्हणायला कोणाकडे कागद नाही. सात वर्षं बेपत्ता असल्याशिवाय कोर्ट मेलेला मानत नाही, हे वकिलाने सांगितलं होतं. तोवर ती सवाष्णही नव्हती आणि विधवाही नव्हती. हळदीकुंकवाला बोलावणाऱ्या बायका तिच्या दारापाशी येऊन घुटमळत आणि पुढच्या घरी जात. ती आतून ते बघायची.

त्या आठ सह्यांत एक सही आरोंद्याच्या स्वरूप तारीची होती. सरलाने त्याला दोनदा पत्र घातलं होतं, उत्तर आलं नव्हतं. तो कायम बोटीवर. २००६ च्या उन्हाळ्यात तो सुट्टीला आलाय असं कानावर आलं, तशी ती सावंतवाडीमार्गे आरोंद्याला पोचली. स्वरूप खाडीच्या काठी माडांना पाणी लावत होता. तिने नाव सांगितलं. त्याने पाण्याची नळी खाली ठेवली.

"तुझी मथुरा वाचतंय मी," तो म्हणाला. "सासरो कात्रणां ठेवता. सुट्टयेक इलंय काय सगळी एकदम वाचून काढतंय."

"मग माका सांग, भावा. त्या दिवशी काय झाला?"

त्याने वाकून नळी दुसऱ्या माडाच्या आळ्यात सरकवली.

"एक विचारतंय. मथुरेक जो जबानी देता, तेची नोकरी जायत नाय. खाता तेका आपल्या बोटीर घेता. तूच लिवलंस. तुझ्याकडे आसा तसा काय?"

सरलाने नकारार्थी मान हलवली.

"माजी दोन पोरां आसत. म्हयन्याभरात माका परत चढूचा आसा. एजंट तोच. तुका सांगलंय काय तू कचेरीत जातलंस. कागदार नाव येतला. मगे माका कोण घेतलो कामाक?"

"तुझा नाव मी सांगूचंय नाय."

"सांगूक कित्याक व्हया? आठ तर माणसां होतो आम्ही. तेंका कळतला." त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "ती बाई खरीच इली आसती तर मी बोललो आसतंय, बाय. देवाशपथ. पण ती येवची नाय. तू इलंस."

त्याच्या बायकोने सोलकढी आणून दिली. सरलाने ती प्यायली, कारण न पिणं बरं दिसलं नसतं. स्वरूप तिला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आला. गाडी आली, सरलाने पायरीवर पाय ठेवला, तेव्हा तो दुसरीकडे बघत म्हणाला,

"रात्र नव्हती ती. दुपार होती. आमची जेवणां झाली होती." आणि पाठ फिरवून चालू लागला.

घरी येऊन तिने ते जसंच्या तसं सांगितलं. आबा पडवीत बसले होते. आयुष्य पाण्यावर गेलेला माणूस. त्यांना दुसरं काही सांगावं लागलं नाही.

"दुपारी पडलो म्हणजे तेंका दिसलो," ते म्हणाले. "तरी बोट फिरवूक नाय. दुपारचा माणूस पाण्यात दिसता. डोक्या दिसता. हात दिसता." त्यांनी स्वतःचा हात थोडासा वर केला आणि तसाच ठेवला.

रूपाली चुलीपाशी होती. ती म्हणाली, "म्हणजे तो हाका मारी होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपालीने मंगळसूत्र काढून देवापुढच्या ताटलीत ठेवलं. कोर्टाच्या कागदासाठी ती थांबली नाही.

सरला पुन्हा मुंबईला गेली. त्या कचेरीत आता दुसरे साहेब होते. घटना रात्रीची नाही, दुपारची आहे, असं तिने सांगितलं.

"कोण म्हणतं?"

"नाव सांगता येणार नाही."

साहेबांनी लिहिण्यासाठी उचललेलं पेन परत ठेवलं. "मग बाई, मी काय लिहू?"

परत आल्यावर तिने तेलवाल्याचं प्रकरण संपवायला घेतलं. मथुरा त्या जहाजापाशी येते. साक्षीदार तयार आहे, पण त्याला आधी खात्याचा शब्द हवा. खातं शब्द देत नाही, कारण खनिज वेळेवर पोचणं वसाहतींना जास्त महत्त्वाचं आहे. मथुरा मुद्रा दाराला लावते. दार उघडत नाही. जहाज निघून जातं. एवढंच.

जयराम मास्तरांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "सरलाबाई, पाच वर्षं लोक वाट बघतायत. असं त्यांच्या तोंडावर दार आपटायचं? कप्तानाला धरा की. कागदावर धरायला काय लागतं?"

"तेवढ्यासाठीच नको," सरला म्हणाली. "कागदावर काही लागत नाही."

मास्तरांनी ते ठेवून घेतलं. पुढच्या आठवड्यात अंक निघाला तो मास्तरांनी स्वतः लिहिलेल्या शेवटासह, सरलाच्या नावावर. दार उघडलं होतं. आठही खलाशांनी एकेक करून सत्य सांगितलं होतं. कप्तानाला बेड्या घालून मथुरा त्याला घेऊन गेली होती, आणि शेवटी गुरूवर सूर्योदय होता.

सरलाला ते कळलं किनाऱ्यावर. वाचणारा वाचत होता आणि म्हातारे ओरडत होते, "बरो धरलो! बरो धरलो!" एकाने तर तिच्या हातात नारळ ठेवला. मास्तरांकडे जायचं, आत्ताच जायचं, असं ठरवून ती वळली, तर मागे आबा उभे होते. काठी टेकत घरून इतक्या लांब आले होते.

"ता परत वाच," त्यांनी वाचणाऱ्याला सांगितलं. "धरून नेतत तितक्याच."

सरला त्यांच्या कानापाशी वाकली. "आबा, ता माजा नाय. मास्तरांनी लिवल्यानी. खोटा आसा ता."

"माका काय कळना नाय?" आबा म्हणाले. "वाचू दी तेका."

तिने वाचू दिलं. आबांनी डोळे मिटून ते पुन्हा ऐकलं, आणि मग तिसऱ्यांदाही वाचायला लावलं, तोवर बाकीची माणसं जाळी गुंडाळून निघून गेली होती. पुढल्या वर्षी ते वारले. मास्तरांकडे भांडायला सरला कधी गेली नाही. पुन्हा काही लिहूनही दिलं नाही. मास्तरांनी दोन-तीन निरोप पाठवले, मथुरेचं नवं प्रकरण सुरू करा म्हणून, तेव्हा तिने एकच उत्तर धाडलं, मथुरा वारली म्हणून छापा. ते काही त्यांनी छापलं नाही.

रूपाली माहेरी गेली आणि आंब्याच्या कारखान्यात लागली. स्वरूप अजून बोटीवरच होता म्हणतात.

२०१० च्या पावसाळ्याआधी वरच्या वाडीतली काशीबाई सरलाच्या दारात आली. तिचा मुलगा आखातातल्या एका बोटीवरून चार महिने बोलला नव्हता. सरलाने तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि सरळ सांगितलं, "काशीबाय, माझ्या हातात काय एक नाय. माका खोटा बोलूचा नाय."

काशीबाई म्हणाली, "दुसऱ्यांका अर्ज लिवन दिलंस. माकाच नाय?"

"लिवन काय झाला नाय, म्हणान."

काशीबाईने पाण्याचा तांब्या न पिता खाली ठेवला. मग अंगणात उतरून, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पेपरात नाव इला ना, आता खंय आमची आठवण! गरिबाची दाद घेवक हेंका वेळ नाय!" आणि ती बोलत बोलत घाटीच्या पायऱ्या चढून गेली. सरला दारातच उभी राहिली. तिने हाक मारली नाही.