दळवीकाकांचं मडगार्ड

पहिल्या भेटीत दळवीकाकांनी मला नाव विचारलं नाही. माझ्या सायकलच्या चेनवरून तर्जनी फिरवली, काळंकुट्ट झालेलं बोट माझ्या डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाले, "शी! काय गो, ह्यात वडे तळतंस काय?" मग ते बोट त्यांनी माझ्याच नव्या कोऱ्या पांढऱ्या मोज्याला पुसलं. मी मुलुंडहून अंधारात निघून आरे कॉलनीत आले होते, आयुष्यातली पहिली शर्यत होती. असं टाळकं सरकलं म्हणून सांगू! पण तोंडातून शब्द फुटायच्या आत हा माणूस पुढच्याच्या चेनपाशी उकिडवा बसला होता आणि तिथेही 'शी' चालू झालं होतं.

तो डाग मोज्यावरून कधीच गेला नाही. चेन मात्र मी त्याच दुपारी धुतली.

आमचा क्लब म्हणजे अंधेरी ते बोरिवली आणि इकडे मुलुंड-घाटकोपरची, नोकऱ्या सांभाळून सायकल दामटणारी तीस-चाळीस माणसं. दिवाळी सरली की होळीपर्यंत एकाआड एक रविवारी पहाटे शर्यत. सगळे एकत्रच सुटायचे, गुण मात्र वेगवेगळ्या गटांत मोजायचे. बायकांच्या गटात आम्ही तिघी, त्यामुळे मला कप मिळायचाच. त्यात काही राम नाही. खरी चुरस पन्नाशीच्या पुढच्यांची. त्यात दळवीकाका दर मोसमाला दुसरे. पहिला नार्वेकर. क्लब त्यानेच काढलेला, शर्यती तोच भरवायचा, नियम तोच करायचा आणि जिंकायचाही तोच. सगळा घरचाच कारभार.

काका कांदिवलीला राहायचे, विम्याच्या ऑफिसात हेड क्लार्क. मूळचे मालवणकडचे. एरवी मुंबईचं मराठी बोलायचे, पण किळस आली की थेट गावाला पोचायचे, आणि किळस त्यांना दिवसभर यायची. शर्यतीत लोक ती गोड चिकट जेलची पाकिटं चोखतात ना, त्याला ते शेंबूड म्हणायचे. "सकाळी उठान शेंबूड चोखतत. घरात पेज मिळणा नाय काय ह्यांका?" कुणी सायकलवरून थुंकला की त्याच्या बाजूला जाऊन सायकल लावायचे आणि विचारायचे, "आईसमोर थुंकतस असो?" भर चढावर, दम लागलेला असताना! शर्यत संपल्यावर नार्वेकर जर्सीची चेन बेंबीपर्यंत उघडून फोटो काढायचा, तेव्हा काका तोंड फिरवून उभे राहायचे. हँडलला त्यांचा एक सुती पंचा कायम गुंडाळलेला असायचा, धुवून पांढराशुभ्र. त्याने तोंड पुसायचे ते स्वतःचं नाही, सायकलचं.

आणि त्यांच्या सायकलला मडगार्ड होतं. शर्यतीच्या सायकलला मडगार्ड म्हणजे घोडनवरीच्या डोक्याला बाळाचं टोपडं. कुणी लावत नाही. काकांनी लावलं होतंच, वर मागच्याला खाली जुन्या चपलेचा रबरी तुकडा जोडून ते जवळजवळ रस्त्याला टेकवलं होतं. लोक दात काढायचे. "काका, दूध कितीला लिटर?" काका शांतपणे सांगायचे, "मडगार्ड नसलेली सायकल म्हणजे चड्डी नसलेला माणूस. आपल्याक गार वाटता, बघणाऱ्याक शिसारी येता."

मी एकदा विचारलं, "अहो, पण वजन वाढतं ना उगाच?"

"वाढतं."

"मग तुमचा काय फायदा?"

"माझो खंयचो फायदो? ता मागच्यासाठी आसा." माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलं, दार लावून आंघोळ का करता.

त्या मागच्यासाठीची गंमत कळायला आमचा रस्ता माहीत हवा. शेवटच्या चढाच्या आधी म्हशींचे तबेले लागतात. पहाटे गोठे धुतात, ते पाणी रस्त्यावर येतं आणि अर्धा किलोमीटर नुसता शेणाचा रबडा. हिरवागार, वाफाळता. जोरात गेलं तर चाक सटकतं आणि मागच्याच्या तोंडावर फवारा. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली होती, लिहिलेली कुठे नाही पण मोडायची कुणाची हिंमत नव्हती. तबेल्यांपाशी एका ओळीत यायचं, कुणी कुणाला मागे टाकायचं नाही आणि सगळ्यांत पुढे मडगार्डवाला. तबेले दिसले की मागून आरोळी यायची, "दळवी पुढे!" काका वारा अंगावर घेत पुढे व्हायचे आणि तो चपलेचा तुकडा रबडा बाजूला सारत जायचा. मागे सगळी पलटण सुकी, स्वच्छ, त्यांच्या आडोशाला बसून पाय मोकळे करत. आणि तबेले संपले रे संपले की नार्वेकर त्यांच्या मागूनच सुसाट सुटायचा आणि जिंकायचा. दर वेळी! ज्याच्या मडगार्डाआड लपून तोंड स्वच्छ ठेवलं त्यालाच शेवटी मागे टाकायचं, आणि वर चहा पिताना त्याच मडगार्डावर विनोद करायचे. मला त्या चहाचीसुद्धा शिसारी यायची.

"तुम्ही पुढे जाता कशाला?" मी चिडून म्हणायचे. "जाऊ दे ना त्यांना शेण खात!"

"माझ्याकडे मडगार्ड आसा ना गो," एवढंच.

गेल्या मोसमात पौषातल्या एका शर्यतीनंतर काका परत निघताना सायकलवर बसेनात. उजवा गुडघा सुजून नारळ झाला होता. मला म्हणाले, कुणाला सांगू नको. होळीनंतर गुडघा बदलायचा ठरला होता. नवा गुडघा बसला की चालता येईल, बाजारात जाता येईल, शर्यत संपली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत बढतीत दुसरे, सोसायटीच्या कॅरममध्ये दुसरे, इथेही दुसरे. पंचा घडी करत ते म्हणाले, "एकदा तरी पयलो येवक व्हया माका. एकदाच." एवढं सरळ मागणं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मला त्या नार्वेकरची मान पिरगाळावीशी वाटली.

त्यानंतर मी प्रत्येक शर्यतीत काकांच्या पुढे राहून वारा अडवला. दोन शर्यती त्यांनी चढावर मारल्या, गुडघ्याला पट्टा आवळून. गुण बरोबरीत आले. शेवटची शर्यत जो जिंकेल त्याचा कप.

आदल्या संध्याकाळी ग्रुपवर नार्वेकरचा मेसेज पडला. उद्या फोटोग्राफर येणार, क्लबचं नाव होणार, तरी सुरक्षेसाठी मडगार्ड, कॅरिअर, घंटी असलेल्या सायकलींना प्रवेश नाही. सुरक्षेसाठी म्हणे! फोटोत दूधवाल्याची सायकल नको, एवढंच होतं ते. आणि गंमत बघा, तबेल्यांची आठवण त्या शहाण्याला झाली नाही. झाली नाही ती इतर कुणालाही. इतकी वर्षं तोंड स्वच्छ राहत होतं, ते आपोआपच राहतं असं सगळ्यांना वाटायला लागलं होतं. पटापट अंगठे पडले. मी लिहिलं, 'हा सरळ सरळ अन्याय आहे, उद्या कुणी येऊ नका.' त्याखाली एकाने गुलाबाचं फूल टाकलं. मी फोन सोफ्यावर आपटला.

काकांना फोन केला. "तुम्ही भांडा ना! मी येते तुमच्या बाजूने."

"कशाक? स्क्रू काढूक पाच मिनिटा लागतत," म्हणाले आणि ठेवला.

सकाळी आले ते मडगार्ड नसलेली सायकल घेऊन. फ्रेमवर स्क्रूची भोकं तेवढी दिसत होती. काका त्या सायकलकडे बघतच नव्हते. नार्वेकरने पाठीवर थाप मारली, "बघ, कशी स्मार्ट दिसते! आता वाटतोस रेसर." त्यांचं ते 'शी' त्या दिवशी एकदाही ऐकू आलं नाही, तेव्हाच मला काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं.

तबेल्यांपर्यंत सगळे एकत्रच होतो. रबडा त्या दिवशी नेहमीपेक्षा पातळ. आणि मागून सवयीने आरोळी आली, "दळवी पुढे!" सवयीनेच काका पुढे झाले. त्यांच्या मागे नार्वेकर, त्याच्या मागे मी, मग बाकीचे. बिनमडगार्डाच्या माणसाने इथे चालत्या वेगाने जायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण हळू गेलं की सगळे एकत्र बाहेर पडणार आणि नार्वेकर शेवटी मारणार, हेही तेवढंच खरं. काकांनी एकदा मागे वळून पाहिलं. पूर्ण मान वळवून. मग ते उठले आणि होता नव्हता तेवढा जोर लावला.

हिरव्या चिखलाचा असा फवारा उडाला! नार्वेकर नेहमीसारखा तोंड उघडं टाकून धापा टाकत होता. सगळं आत गेलं. त्याने ब्रेक दाबले, मी त्याच्यावर आदळता आदळता वाचले, माझ्या मागच्या दोघांचे पाय घोट्यापर्यंत शेणात. माझ्या ओठांवर, पापण्यांवर, हेल्मेटच्या भोकांतून केसांत शेण. पुढे जायची रीत नाही, म्हणून सगळे नार्वेकरच्या मागे अडकले. तो रस्त्याच्या कडेला ओकत होता आणि काका चढावर पार दिसेनासे झाले होते.

खरं सांगते, मला आनंद झाला. तोंडात म्हशीचं शेण असताना मी हसत होते. वर पोचले तेव्हा सगळे शिट्ट्या मारत होते. "काका, झकास! वाट लावली नार्वेकरची!" काल अंगठे देणारे तेच हे लोक, आज काकांना खांद्यावर घ्यायला निघाले होते. काका सायकलला टेकून उजवा पाय अधांतरी धरून उभे. मला पाहिलं तसे लंगडत आले, हँडलचा पंचा सोडला आणि माझं तोंड पुसायला लागले. कपाळ, पापण्या, ओठ. तो पांढरा पंचा हिरवा झाला.

"काका, जिंकलात!" मी म्हटलं.

"गप रव. डोळे मिट."

तेवढ्यात नार्वेकर आला. पांढऱ्या जर्सीचा पार अवतार. "दळवी, तू हे मुद्दाम केलंस."

मला वाटलं काका म्हणतील, नियम तुझाच. म्हणायलाच हवं होतं! पण ते म्हणाले, "होय. मुद्दाम केलंय. मागे बघून केलंय." आणि आपली पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. "चूळ भर आधी."

परत जाताना मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, त्याची लायकीच ती होती, तुम्ही कसले ओशाळता? काका सायकल हातात धरून चालत होते. म्हणाले, "त्याच्या मागे तू होतीस. तुझ्या मागे ती बाकीची. मान वळवली तेव्हा माका दिसली सगळी, तरी जोर लावलंय."

होळीनंतर ऑपरेशन झालं. महिन्याभराने मी कांदिवलीला गेले. काका गॅलरीत वॉकर बाजूला ठेवून बसले होते आणि समोर स्टुलावर तो कप. त्यात डिझेल ओतून चेन भिजत घातली होती.

"मी शोकेसमध्ये ठेवला होता," काकू वैतागून म्हणाल्या. "म्हणतात घरात वास येतो त्याचा. डिझेलचा येत नाही वाटतं!"

"डिझेलचो वास बरो," काका म्हणाले. मग मला सायकल वर आणायला लावली. दुसरा मजला, लिफ्ट बंद. चेनवरून बोट फिरवलं, बोट पाहिलं, ते स्वच्छ निघालं. आत बोट दाखवून म्हणाले, "पलंगाखाली आसा. घेवन जा." पलंगाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मडगार्ड होतं, चपलेच्या तुकड्यासकट, आणि स्क्रू एका काडेपेटीत.

यंदा दिवाळीनंतरच्या पहिल्या शर्यतीला मी ते लावून गेले. सुरक्षेच्या नियमाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. दुधाचा भाव मात्र तिघांनी विचारला. तबेले आले आणि मागून आरोळी आली, "वैशाली पुढे!" माझ्या मागे नार्वेकर येऊन चिकटला, नवी पांढरी जर्सी घालून. माझ्या डोक्यात काय काय आलं ते लिहीत नाही. मी पुढे झाले. बाहेर पडल्यावर तो माझ्या बाजूने सुसाट निघून गेला.

घरी येऊन काकांना फोन केला. कितवी आलीस, हे त्यांनी विचारलं नाही.

"मागचे सुके रवले?"

"राहिले."

"सगळे?"

"सगळे."

"नार्वेकर?"

"तोही. एक ठिपका नाही."

काका म्हणाले, "शी!" आणि फोन ठेवला.